डॅन्यूबकाठचे तीनशे चाळीस गुलाब

विदीन, १६ नोव्हेंबर २०१७

प्रिय कालिना,

सांत्वनाची पत्रं मला लिहिता येत नाहीत, हे तुला शाळेपासून माहीत आहे. म्हणून सरळच लिहिते. तुझा भाऊ गेल्याचं मला आज सकाळी कळलं, आणि तेही बागेच्या फाटकाशी, एका झाडाकडून. तू कळवलं नाहीस याचा राग मी पुढे कधीतरी धरीन. आज नाही.

आज वर्षातलं पहिलं खरं हिव पडलं. अशा सकाळी मी घरात बसत नाही. आठला निघाले आणि किल्ल्यापासून नदीच्या कडेकडेने सगळी बाग चालले. गवत पायाखाली कुरकुर वाजत होतं. चेस्टनटच्या पडलेल्या पानांना कडेने पांढरी झालर लागली होती, बाकडी पांढरी, बुद्धिबळाची दगडी टेबलं पांढरी, आणि पलीकडचा रुमानियाचा काठ धुक्यात गायब. माणूस म्हणशील तर मांजरांना खायला घालणारी एक म्हातारी आणि गुलाबांच्या वाफ्यांत नारिंगी जाकिटातली दोन पोरं. रोपांना पांढऱ्या कापडात गुंडाळत होती. मी थांबून सांगितलं की बुंध्याला मातीची भर द्या, कापडाने काय होतंय. तर त्यातली मुलगी म्हणते, "आजी, आता असंच करतात." मी म्हटलं, आजी तुझ्या घरी. सव्वीस वर्षं ही बाग माझ्या हाताखाली होती.

या तोऱ्यात फाटकाशी आले, तर लिंडनच्या खोडावर निधनाचा कागद. इथे रोजच नवा चिकटलेला असतो; गावात माणसांपेक्षा कागद जास्त झालेत. प्लॅस्टिकच्या पाकिटावर हिव गोठलं होतं. नखाने खरवडलं तर नाव निघालं: स्पास त्स्वेत्कोव दाम्यानोव. फोटोतली मिशी दिसली, खाली "शोकाकुल कुटुंबीय" दिसलं. आणखी खरवडायला बोटं चालेनात. मी टोपी काढली आणि त्या थंडीत तशीच उभी राहिले.

कालिना, आता दुसरं पान. हे मी त्याला सांगायला हवं होतं. आता तुला सांगते.

अठ्ठ्याऐंशीचा नोव्हेंबर आठव. तुमची आई प्लेवेनच्या दवाखान्यात होती आणि स्पासदादा तिच्याजवळ. बागेतली बाकीची माणसं सरकारी शेतावर बीट काढायला नेलेली. नव्या वाफ्यांतल्या तीनशे चाळीस गुलाबांना भर देण्याचं काम मी आणि माझा नवरा गेर्गिन, आम्हा दोघांवर होतं. शुक्रवारी दादाचा फोन आला: झाली का भर? मी म्हटलं, झाली. झाली नव्हती. त्याच रात्री राकिया दारू गाळायच्या भट्टीवर आमच्या घरचा नंबर लागला होता. तो चुकला की वर्षभराचा आलुबुखार आंबून फुकट. मला वाटलं, शनिवारी उरकू. भट्टीचं काम शनिवारी रात्रीपर्यंत चाललं, आणि त्या दोन रात्रींत पारा उणे सतरावर गेला. बर्फाचं पांघरूणही नाही. रविवारी पहाटेपासून आम्ही भर दिली. मेलेल्यांना.

वसंतात सगळी रोपं काळी निघाली. सभा बोलावली, आणि तुझा भाऊ सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, "चूक माझी आहे." मी तिसऱ्या रांगेत होते, चौथा महिना लागला होता, आणि मी गप्प बसले. त्याची मुख्य माळ्याची नोकरी गेली, तुम्ही कझानलाककडे गेलात, आणि त्याची जागा मला मिळाली. तो सगळं ओळखून होता, कालिना. त्याने मला वाचवलं. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. चाळिसाव्या दिवशी गोड गहू उकडशील तेव्हा त्यातली एक मूठ माझ्या नावाने वाट.

तुझी
नेवेना


कझानलाकजवळ, २३ नोव्हेंबर

नेवेना,

मी गेलो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गेल्या आठवड्यात मी लाकूड फोडलं, कोबीचं पिंप भरलं आणि शेजाऱ्याशी कुंपणावरून भांडलो. मेलेल्या माणसाने एवढं करणं वाईट नाही.

तुझं पत्र कालिनाने चुलीपाशी उभं राहून वाचलं. मग माझ्या सूपच्या ताटलीशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "घे, तुझं छान झालंय. आमच्यासाठी एवढं कोणी लिहिणार नाही." मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते आता पटलं. अठ्ठावीस वर्षं इथे आहे, पण विदीनहून माझ्याबद्दल असा चांगला शब्द जिवंतपणी आला नव्हता.

तो कागद माझ्या आजोबांचा आहे. नाव तेच, कारण रीतच तशी: बापाने मुलाला आपल्या बापाचं नाव द्यायचं. आजोबांचे वडील त्स्वेत्को, आजोबा स्पास, त्यांचा मुलगा पुन्हा त्स्वेत्को, त्याचा मुलगा पुन्हा स्पास. मधलं नाव तेच, आडनाव तेच. आजोबांना जाऊन यंदा चाळीस वर्षं झाली आणि आमचा चुलतभाऊ त्सांको दर दहा वर्षांनी सगळ्या विदीनभर कागद लावतो. "चाळीस वर्षं" हे शब्द वरच्या ओळीत मोठ्या अक्षरांत असतात. मिशी आजोबांचीच. माझी मी नव्वद साली काढली.

तू चष्मा लावत नाहीस, हे तेव्हाही खरं होतं.

दुसरं पान मी तीनदा वाचलं. त्यावर आज काही लिहीत नाही. एकच विचारतो, आणि नीट आठवून उत्तर दे. त्या शुक्रवारी रात्र पडायच्या आत काही रोपांना तरी भर दिली होतीत का? एखादा वाफा? की एकालाही नाही?

स्पास


विदीन, २९ नोव्हेंबर

स्पासदादा,

तुम्ही जिवंत आहात याचा मला आनंद झाला, आणि तोंडावर पडले याचा राग त्याहून जास्त. पत्र मिळताच चष्मा घेऊन झाडाकडे गेले. हिव वितळलेलं होतं, "चाळीस वर्षं" असं बोटभर मोठं लिहिलेलं होतं, आणि तुमचे आजोबा माझ्याकडे बघून हसत होते. तिथून तडक त्सांकोच्या दारात जाऊन त्याला ऐकवलं. तो म्हणाला, नेवेना, गावात सगळ्यांनी बरोबर वाचलं, तू एकटीच कशी चुकलीस? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मनात जे घोळतं तेच डोळ्यांना दिसतं.

तुमचा प्रश्न मला नीटसा कळला नाही. एकोणतीस वर्षांनी एक वाफा कमी की जास्त याने काय बिघडतं? पण विचारलंत तर खरं सांगते. एकालाही नाही. शुक्रवारी चार वाजता फावडी खोलीत ठेवली आणि भट्टीवर गेलो. एका रोपावर मूठभर माती पडली नाही. तुम्ही गप्प राहून माझी आणि माझ्या पोटातल्या पोरीची लाज राखलीत, आणि मी तोंड उघडून आभारही मानले नाहीत. ते आता मानते.

सहा तारखेला संत निकोलाचा दिवस. बागेतली जुनी माणसं दरवर्षी नदीवरच्या खानावळीत कार्प मासा खायला जमतात. बोगोमिल अजून आहे, तुमच्यावर सभेत सगळ्यात जास्त ओरडणारा. दोन्ही गुडघे नवे बसवलेत, पण ओरडतो तसाच. तुम्ही या. बाहेर बागेत फिरू, वाफे दाखवीन, मग जेवू. झालं गेलं डॅन्यूबला मिळालं म्हणू.

तुमची
नेवेना


कझानलाकजवळ, ३ डिसेंबर

नेवेना,

तुला प्रश्न कळला नाही, तर समजावून सांगतो.

मी तुला वाचवलं नाही. मला काही माहीतच नव्हतं. तू फोनवर "झाली" म्हणालीस आणि मी विश्वास ठेवला. बुधवारी परत आलो तर तीनशे चाळीस रोपांना मातीची सुबक भर होती. मी प्रत्येक वाफ्यावरून हात फिरवला आणि मनात म्हटलं, पोरीने काम चोख केलंय.

माझ्याआधीचे मुख्य माळी भर देऊन वर फरच्या झाडाच्या फांद्या अंथरायचे. आठवतं? मी ते बंद केलं. म्हटलं, माती पुरेशी आहे, फांद्यांखाली रोप घुसमटतं, सडतं. बोगोमिल नको म्हणाला, सगळेच नको म्हणाले. मी चाळीस वर्षांचा होतो, माझा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा नुसती माती ठेवली, आणि वसंतात सगळं काळं. तर सभेत मी दुसरं काय म्हणणार होतो? चूक माझी आहे. मला खरंच तसं वाटत होतं. काल संध्याकाळपर्यंत वाटत होतं. एखाद्या वाफ्याला वेळेत भर असती आणि तोही मेला असता, तर चूक माझ्या मातीचीच ठरली असती.

इथल्या रोपवाटिकेत मला दोनदा मुख्य व्हायला सांगितलं. दोनदा मी नाही म्हटलं. ज्याचा अंदाज एकदा एवढा चुकला, त्याने दुसऱ्यांना काय सांगावं? मी सांगितलेलं काम करत राहिलो, माझ्याहून वीस वर्षांनी लहान माणसाच्या हाताखाली, आणि कित्येकदा तो चुकतोय हे दिसत असूनही बोललो नाही. घरच्या गुलाबांवर मी दुप्पट पांघरूण घालतो. माती, फांद्या, वर जुनी पोती. थंडी वाढली की पहाटे उठून कंदील घेऊन बघून येतो. एकोणतीस हिवाळे.

माझी बायको दोना म्हणायची, तू गुलाब लावत नाहीस, आजारी माणसं सांभाळतोस. ती सहा वर्षांपूर्वी गेली. आपला नवरा भित्रा आहे, असं समजूनच गेली. तिला मी चाळिशीच्या आधी भेटलो असतो तर बरं झालं असतं.

तुझ्या राकियासाठी नाही मी रागावलो. भट्टीचा नंबर चुकवणं काय असतं ते मलाही कळतं. पण बुधवारी मी तुझं कौतुक केलं, तेव्हा तू माझ्यासमोर उभी होतीस. वसंतात उभी होतीस. सभेत होतीस. आणि वर समजूत काय, तर मी तुझ्यासाठी गप्प राहिलो. तुला ती समजूत बरी पडली.

सहा तारखेला मी येणार नाही. पत्र लिहू नकोस.

स्पास


विदीन, ७ डिसेंबर

स्पासदादा,

लिहू नका म्हणालात, तरी लिहिते. वाचायचं नसेल तर चुलीत टाका. पण कालिनाला आधी वाचू द्या.

तुमचं पत्र मंगळवारी आलं. ते वाचून मी बागेत गेले आणि नदीच्या बाजूने तीन फेऱ्या मारल्या. मला वाटायचं, मी सगळं जाणते. कुठलं झाड कधी फुटेल ते तर मी लांबून सांगते. आणि एवढ्या वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की तुम्हाला माहीतच नसेल. तुम्ही थोर, तुम्ही मला वाचवलं, असं मानलं की माझं निम्मं ओझं कमी व्हायचं. तुम्ही म्हणता ते खरं आहे. मला ते बरं पडलं.

आणखी एक आहे, ते तुम्हाला माहीत नाही. तुमची जागा मिळाल्यावर मी पुन्हा फांद्या सुरू केल्या. सव्वीस वर्षं, दर नोव्हेंबरला, गाड्या भरभरून. नुसती माती पुरते हे मला ठाऊक होतं, निदान ती चुकीची ठरलेली नव्हती हे मला एकटीलाच ठाऊक होतं. पण एक हिवाळा जरी गुलाब नुसत्या मातीखाली जगले असते, तर कोणीतरी विचारलं असतं की मग अठ्ठ्याऐंशीत का मेले? म्हणून मी कधी करून पाहिलंच नाही. तिथे मी फसले नव्हते, दादा. तिथे मी विचार करून वागले.

काल मी खानावळीत गेले. अकरा जण होतो. मासा टेबलावर आला, अक्रोड आणि भात भरलेला, आणि बोगोमिल पेला उचलून काहीतरी म्हणणार तेवढ्यात मी उभी राहिले. बसून सांगता आलं नसतं. शुक्रवार, फोन, भट्टी, रविवारची भर, सभा, फांद्या, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही आणि रडलेही नाही. रडले असते तर त्यांनी मला पाणी दिलं असतं आणि गोष्ट तिथेच संपली असती.

बोगोमिलने पेला खाली ठेवला.

"म्हणजे स्पासचं बरोबर होतं."

"हो."

"नुसती माती पुरते."

"हो."

"मग मी सव्वीस वर्षं त्या फांद्या कशासाठी तोडल्या?"

मी म्हटलं, माझ्यासाठी. तो उठला, कोट घातला आणि निघून गेला. दोघीजणी त्याच्यामागे गेल्या. बाकीचे बसले, पण मासा गार होईपर्यंत कोणी हात लावला नाही. वेसा, तुम्ही तिला कलम बांधायला शिकवलं होतं, ती मला म्हणाली की पुढच्या वर्षी तू येऊ नकोस. मी म्हटलं बरं.

आज सकाळी दुधाच्या दुकानात दोघी माझ्याकडे पाहून बोलायच्या थांबल्या. म्हणजे गोष्ट गावभर झाली. व्हावीच.

माफ करा असं मी लिहीत नाही. जे परत देता येत नाही त्यासाठी माफी मागून तुम्हाला आणखी एक काम कशाला लावू? दोनाबद्दल मला वाईट वाटतं. फार वाईट वाटतं, दादा. गुलाब पुन्हा लावता आले, ते मी लावले. दोना ती समजूत घेऊन गेली, तिथे मला काही लावता येत नाही.

नेवेना


कझानलाकजवळ, १४ जानेवारी २०१८

नेवेना,

महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण द्यायचं नव्हतं. मधल्या काळात काय झालं ते सांगतो.

तुझं पत्र यायच्या आधीच बोगोमिलचा फोन आला. नाताळालाही कधी केला नव्हता त्याने. आधी हवा कशी आहे विचारलं, मग गुडघ्यांचं सांगितलं. मग म्हणाला, "स्पास, फांद्या नकोच होत्या तर." मी म्हटलं, नको होत्या. तो म्हणाला, "मी सभेत जे बोललो ते." मी म्हटलं, तू जे डोळ्यांना दिसलं ते बोललास. त्यावर तो बराच वेळ नाक ओढत राहिला आणि मग राकियाचे भाव सांगायला लागला.

त्सांकोने लिहिलं की विदीनला माझं नाव निघतं, आणि आता वेगळ्या तऱ्हेने निघतं. ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

इथल्या रोपवाटिकेतही गेलो. मालक आता त्या वेळच्या मालकाचा मुलगा आहे. उतारावरच्या नव्या कलमांवर त्याने फांद्यांचा हातभर थर दिला होता. मी सांगितलं, काढ, सडतील. तो म्हणाला, स्पासकाका, तुम्हीच तर आयुष्यभर असं केलंत. मी म्हटलं, मी चुकत होतो. गंमत बघ, हेच शब्द मी तेव्हाही बोललो होतो, पण या वेळी म्हणताना मान वर होती. त्याने अर्धा उतार मोकळा केला. उरलेल्या अर्ध्याचा निकाल मेमध्ये लागेल, आणि तो काय लागणार हे मला आजच माहीत आहे.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. पूर्वी तो कोणावर धरायचा ते कळत नव्हतं, म्हणून स्वतःवर धरला होता. आता तुझ्यावर आहे आणि मला त्याचं वजन कमी वाटतं. तू खानावळीत उभी राहिलीस, ते सोपं नव्हतं हे मला कळतं. वेसाचं म्हणणं मान. तिला ठरवू दे. पण माझ्या घरी यायचं असेल तर गुलाब फुलतात तेव्हा ये. कालिनाला तुला भेटायचं आहे आणि मला तुला चार गोष्टी तोंडावर ऐकवायच्या आहेत, त्या कागदावर मावत नाहीत.

डिसेंबरच्या अखेरीस मी घरच्या बागेत गेलो. पोती काढली, फांद्या काढल्या, ओढत नेऊन कुंपणाशी रचल्या. कालिना ओट्यावर उभी राहून बघत होती. बुंध्यांना हाताने थोडी माती चढवली, एवढंच.

परवापासून इथे कडाका पडला आहे. काल रात्री उणे सोळा झालं. कालिना सांगते, पहाटे ती कंदील पेटवून माझ्या खोलीत आली, बागेत जायचं असेल म्हणून. मी गाढ झोपलो होतो. तिने उठवलं नाही.

स्पास